फाट्यावरचा प्रश्न

धरणाआधी असेच लोक आले होते, हातात कागद लावलेल्या पाट्या घेऊन. घरं मोजली, माणसं मोजली आणि मग आम्हाला डोंगराकडेला आणून टाकलं. त्यामुळे अठ्ठ्याण्णव साली आमच्या फाट्यावर एक इंजिनियर मास्तर कॉलेजची पोरं घेऊन उभे राहिले, तेव्हा मी आधी भूमिकाला घरात घेतलं.

मास्तर म्हणाले, एसटीचे मार्ग आखायचेत. इथून शहापूरला किती माणसं जातात ते कळलं, की गाडी सुरू होणार. गाडी मला हवीच होती. माझी पोरगी भूमिका सातवी झाली होती, पुढची शाळा शहापूरला. सुदामच्या खच्चून भरलेल्या जीपला लटकून रोज पोर पाठवायची माझी छाती नव्हती. पण गोड बोलणाऱ्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?

सकाळी शेजारची सकुबाई टोपली घेऊन निघाली. एका पोरानं आडवं येऊन विचारलं, "आजी, कुठं चाललात?" सकुबाई गर्रकन वळली, घरी जाऊन पाणी प्यायली आणि ओट्यावर बसून राहिली. मागून येणारी धोंडीबाईही वळली. निघालेल्याला कुणी असं विचारतं का? मला वाटलं, हे मुद्दाम अपशकुन करतायत. दुपारपर्यंत फाटा सामसूम.

मास्तरांचा संशय सुदामवर. "यानंच शिकवलंय लोकांना. गाडी आली तर याचा धंदा बसेल ना!"

"आईशप्पत, मी काय नाय केला," सुदाम कळवळून सांगत होता.

"मग इथून कुणी जातच नाही, असं कळवतो," म्हणत मास्तर त्यांच्या मोटारीकडे वळले. माझं डोकंच फिरलं. मुद्दाम ओरडले, "कुठं चाललात ओ, मास्तर?"

दारात घातलेला पाय त्यांनी मागे घेतला. मुकाट्यानं माझ्या ओट्यावर येऊन बसले, पाणी मागितलं. मग कपाळावर हात मारला.

"मी इथलाच, मुरबाडचा हो. यावरून आईच्या किती शिव्या खाल्ल्यात! आणि वर्गात पोरांना पहिला प्रश्न हाच शिकवतोय."

दुसऱ्या दिवशी पोरं संध्याकाळी उभी राहिली. परतणाऱ्यांना "कुठून आलात?" विचारलं, तर बाया बोलायच्या थांबेनात.

जूनमध्ये गाडी आली. भूमिका चढली, तिच्यामागे सकुबाई. कंडक्टर म्हणाला, "हां, कुठं?"

कुणी तिकिटाचे पैसेच काढेना. सकुबाई तर टोपली उचलून उतरायलाच निघाली. मी खाली उभी, खिडकीचा गज धरून.

भूमिका मोठ्यानं म्हणाली, "शहापूर. आन् सांजच्याला परत घरी."

सकुबाई पुन्हा जागेवर बसली. गाडी हलली आणि मी तिथंच रस्त्यावर रडले.