शून्यावरचा काटा

मुरलीधर दाबके यांच्याकडे छप्पन सालची डुक्कर फियाट होती आणि तिच्याबद्दल बोलायला लागले की ते थांबत नसत. दोन हजार तीन साल होतं. गुडगावात हप्त्यांवर नव्या गाड्या घ्यायची नुसती साथ आली होती. सोसायटीच्या आवारात दर महिन्याला एका नव्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटायचं, पेढे वाटले जायचे. दाबके पेढा खात, वडिलांच्या त्या करड्या गाडीवर फडकं मारत आणि तिच्यातूनच मानेसरच्या कारखान्यात जात. शेजारी हसत. हौसेला मोल नसतं, असं दाबके त्यांना सांगत. ते खरंच होतं, पण रस्त्यावर लोकांनी वळून बघितलेलंही त्यांना फार आवडायचं.

घोडं अडलं ते विम्यापाशी. नेहमीच्या विमेवाल्यांच्या लेखी गाडी भंगारात जमा होती. तेवढ्यात एक नवी खासगी कंपनी जुन्या गाड्यांसाठी खास पॉलिसी घेऊन आली. गाडीची किंमत आधीच ठरवायची, हप्ताही कमी. अट एवढीच, की गाडी हौसेपुरती वापरायची. रॅली, प्रदर्शन, फार तर एखादा रविवार. वर्षाला बाराशे किलोमीटरच्या वर नाही, आणि रोजच्या नोकरीधंद्याला तर मुळीच नाही.

"अहो, हे वाचलंत ना?" पत्नी वीणाताईंनी कागद त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही तर रोज नेता."

"कंपनीला कोण सांगायला जातंय?" दाबके म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून मीटरची केबल सोडवली. किलोमीटरचे आकडे जागच्या जागी थांबले, आणि त्याच केबलवर चालणारा वेगाचा काटाही शून्यावर जाऊन बसला.

"मग किती वेगात चाललोय ते कसं कळणार?"

"कानाला कळतं. तीस वर्षं चालवतोय मी ही गाडी."

वीणाताईंनी कागदाची घडी घातली. नवऱ्याच्या हुशारीपुढे गप्प बसायची त्यांना सवय होती.

दोन वर्षं हे सुखानं चाललं. मानेसरच्या अलीकडे हायवेवर एक वळण होतं. तिथे कडेला रामदुलारी नावाच्या बाईची चहाची टपरी होती. तिचा नवरा बिसेसर समोरच्या कारखान्यात माल चढवायचं काम करी. सकाळी बायकोच्या हातचा चहा प्यायचा आणि रस्ता ओलांडून कामावर जायचं, असा त्याचा नेम. रस्ता ओलांडणं सोपं नव्हतं. नव्या गाड्या अशा सुसाट यायच्या की माणूस पाच-पाच मिनिटं कडेला ताटकळायचा. पण पावणेआठला दाबक्यांची फियाट यायची, ती रमतगमत. ती दिसली की बिसेसर हात वर करायचा आणि सरळ रस्त्यात उतरायचा. दाबके आणखी हळू व्हायचे, मान डोलवायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत बसायच्या आणि त्या आडोशानं आणखी चार कामगार पलीकडे जायचे. दाबक्यांना या गोष्टीचा अभिमान होता. घरी ते सांगायचे, "माझ्या गाडीमुळे गरिबांना रस्ता मिळतो."

त्या मंगळवारी कारखान्यात जपानी पाहुणे तपासणीला येणार होते आणि दाबक्यांना निघायलाच उशीर झाला. रस्त्याला नवं डांबर घातलं होतं. चाकांखालचा रोजचा खडखडाट नव्हता, गाडी लोण्यावरून जावी तशी जात होती आणि कानाला सगळं ठीकच वाटत होतं. आदल्याच आठवड्यात सगळी गाडी मेकॅनिककडून तपासून घेतली होती. तिच्यात काही खोट नव्हती. वळणावर बिसेसरनं हात वर केला आणि सवयीनं तो रस्त्यात उतरला. दाबक्यांनी ब्रेकवर सगळा जीव घातला. बिसेसरचा हात शेवटपर्यंत वरच होता.

तो जागच्या जागी गेला.

दाबके जामिनावर घरी आले. त्यांना अन्न जाईना. चौथ्या दिवशी विमा कंपनीचा तपासनीस आला, हेरंब पाटणकर. जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजातली मराठी. घरात आल्या आल्या वीणाताईंच्या पाया पडला. मग दाबक्यांना घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन त्यानं गाडी पाहिली, डॅशबोर्डखाली बॅटरीचा उजेड पाडला आणि लोंबणारी केबल बोटानं हलवून बघितली.

"काका, मी आपला माणूस म्हणून सांगतो," तिथून जीपनं मानेसरला जाताना तो म्हणाला. "गाडी रोजच्या वापरात होती हे बाहेर आलं, तर कंपनी बिल्कुल हात वर करेल. मग त्या बाईला कंपनीकडून एक पैसा नाही. केस चालेल दहा साल, तुमचा फ्लॅट जाईल, आणि तिला तरी काय मिळेल? हे बाहेर आलं नाही, तर चूक कुणाचीही निघो, ठरलेली भरपाई तिला मिळेल. त्या दिवशी तुम्ही गाडी मेकॅनिकला दाखवायला नेत होतात. बस. केबलचं मी बघतो."

"आणि टपरीवाली? ती मला रोज बघायची."

"तिच्या वकिलाशी बोलणं झालंय. समजावलंय तिला. यात कुणाचंच नुकसान नाही, काका."

दाबक्यांनी मान हलवली. आपण हे तिच्यासाठी करतोय, असं त्यांनी वाटेभर स्वतःला सांगितलं, आणि मानेसर येईपर्यंत त्यांना ते पटलंसुद्धा.

रामदुलारीनं टपरी उघडली होती. न उघडून सांगते कुणाला? चूल पेटलेली, कपाळ मोकळं, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. हेरंबनं बाकावर बसून कागद मांडीवर घेतला. दाबके उभेच राहिले.

"ये गाड़ी पहले कभी देखी थी?" हेरंबनं विचारलं.

रामदुलारीनं दाबक्यांकडे बघितलं. दोन वर्षं तिनं या माणसाच्या गाडीवरून घड्याळ लावलं होतं. दिवाळीला बिसेसरनं याच्या खिडकीत बत्तासे दिले होते, ते तिनेच कागदात बांधून दिले होते.

"नहीं साहब. कभी नहीं देखी."

हेरंबनं लिहून घेतलं. दाबक्यांचा श्वास मोकळा झाला, आणि तो मोकळा झाल्याची त्यांना लगेच लाज वाटली. पण फॉर्म अजून संपला नव्हता. अपघाताचं कारण लिहायचा रकाना उरला होता.

"फिर आपके आदमी बीच सड़क में कैसे आ गए? गाड़ी आ रही थी, दिखी नहीं उनको?"

हा प्रश्न येणार हे दाबक्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ती गाडी कुणी कधी पाहिलीच नसेल, तर बिसेसर तिच्यापुढे उतरला कशाला? याचं खरं उत्तर टपरीपाशी उभ्या असलेल्या दोघांना माहीत होतं. तो बेफिकीर नव्हता. तो रोज वाट बघायचा, नव्या गाड्यांना जाऊ द्यायचा, आणि ज्या एका गाडीवर त्याचा भरवसा होता तिच्यापुढेच पाऊल टाकायचा. हे एक वाक्य दाबक्यांनी उच्चारलं असतं, तर बिसेसरच्या नावाला डाग लागला नसता. पण त्या वाक्यात 'रोज' हा शब्द होता.

दाबके डांबराकडे बघत राहिले. हेरंब पेन धरून थांबला.

"गलती उन्हीं की रही होगी," शेवटी रामदुलारी म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "बिना देखे चल दिए होंगे."

हेरंबनं लिहिलं: मृताचा हलगर्जीपणा. शाईचं पॅड पुढे केलं. तिनं अंगठा उठवला आणि बोट साडीला पुसलं. तो डाग काही गेला नाही.

"चलो काका, झालं," हेरंब म्हणाला आणि जीपकडे गेला.

दाबके निघायला वळले, पण टपरीपाशीच थांबले. काहीतरी बोलावं, हात जोडावेत, असं त्यांना फार वाटत होतं. तेवढ्यात तीच चुलीपासून उठून जवळ आली. त्यांना वाटलं, आता ही शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहब," ती हळूच म्हणाली, "वो कहते थे, बूढ़े बाबू की गाड़ी है, आराम से आती है. इतना बता दो, उस दिन कितनी रफ़्तार थी?"

तिला दुसरं काही नको होतं. तिनं नवऱ्याला आपल्या अंगठ्यानं दोषी ठरवलं होतं, आणि तो खरोखर चुकला होता का एवढंच तिला घरी घेऊन जायचं होतं. दाबक्यांनी आठवायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे तबकडी आली. तिच्यावर काटा शून्यावर होता, दोन वर्षांपूर्वी त्यांनी बसवला होता तिथेच.

"मालूम नहीं," ते म्हणाले.

टपरीपाशी त्यांच्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य, आणि ते खरं होतं. रामदुलारीनं त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. साहेब हेही खोटंच बोलतोय, असं तिला वाटलं, आणि ती चहाचं आधण बघायला परत चुलीपाशी गेली.