माझ्या उजव्या नळीतली माती

मी दुनळी बंदूक बोलतेय. दचकू नका, आत्ता माझ्यात काडतूस नाही. आणि खरं सांगू का, या घरात सगळ्यात भित्री मीच आहे.

जन्म माझा परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातला, तिथलं काही आठवत नाही. सगळं आयुष्य गेलं कोडगूत, म्हणजे कुर्गात, विराजपेटजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात, माचय्याच्या घरी. इथे बंदूक म्हणजे घरातलंच माणूस. मुलगा झाला की अंगणात एक बार. कुणी गेलं की लागोपाठ दोन. दोन बार ऐकू आले की खालच्या गावातली माणसं हातातलं काम टाकून वर यायला निघतात.

माचय्या तोंडाचा फटकळ, पण माझी निगा आईसारखी राखायचा. इथला पाऊस चार-चार महिने हटत नाही, लोखंड बघता बघता तांबडं होतं. म्हणून बार काढला की त्याच दिवशी तो मला उघडायचा. गजाला चिंधी बांधून मागून पुढे फिरवायचा, कोरडी करायचा, मग तेलाचा एकच थेंब. "तेल लावायचं असतं, पाजायचं नसतं," हे आल्यागेल्याला ऐकवायचा. शेवटी नळ्या खिडकीकडे धरून आरपार बघायचा. त्याची बायको देचम्मा जुन्या साडीच्या चिंध्या फाडून देता देता म्हणायची, "एवढं निरखून मला कधी बघितलं नाहीत!"

"तुला कुठे गंज चढतो?" तो म्हणायचा.

मग त्याचं एक अंग लुळं पडलं. त्या वर्षी शस्त्रपूजेच्या सणाला, कैलपोदला, बंगळूरहून मुलगा आला, अय्यण्णा. त्यानं माझा दस्ता असा चकचकीत केला की त्यात तोंड दिसावं. माझ्या तोंडाशी कळलावीची फुलं खोचली, फोटो काढले, चार जणांना पाठवले. खाटेवरून माचय्यानं विचारलं, "नळी बघितलीस का रे?"

"हो आप्पा, लख्ख आहे."

अहो, साफ खोटं! मला उघडलंसुद्धा नव्हतं. तशीच खुंटीवर गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक कुंभारीण माशी माझ्या उजव्या नळीत शिरली. मातीचे गोळे आणून आणून तिनं आत घर बांधलं आणि तोंड लिंपून निघून गेली. माझा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून. आत माती असताना बार काढला तर छर्‍यांना वाट मिळत नाही, नळीच फुटते. आणि नळीखाली माणसाचा डावा हात असतो, वर त्याचा चेहरा. हे मला कळत होतं, पण सांगणार कशी?

रोज सकाळी माचय्याचा खोकला ऐकला की हायसं वाटायचं. माया तर होतीच त्याच्यावर, पण त्यात माझी भीतीही होती, लपवत नाही. हा गेला की मला खाली काढतील, आणि नळी बघणारा तर हाच एक.

एका सकाळी खोकला ऐकू आला नाही.

माचय्याचा धाकटा भाऊ कुट्टप्पा आला आणि अय्यण्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऊठ बाबा. बार काढायला हवेत. गावाला कळायला नको?"

अय्यण्णानं मला उतरवलं. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. अंगणात येऊन त्यानं दोन्ही काडतुसं भरली. काडतुसं बसतात मागे आणि माती होती पुढे, त्यामुळे त्याला काही अडलं नाही. मला आभाळाकडे धरलं. बोट चापावर आलं. बाई गं, माझं सगळं लोखंड गार पडलं!

"थांब!"

देचम्मा उंबर्‍यात उभी होती.

"वहिनी, आत जा. तुम्हाला बघवायचं नाही," कुट्टप्पा म्हणाला.

"मला काय बघवतं ते मला ठाऊक आहे. आधी काडतुसं काढ! ती मेली कुंभारीण महिनाभर भिंतीकडे माती वाहत होती. मला वाटलं, खुंटीमागे घर करतेय. नळी बघितलीस का तू?"

या वेळी अय्यण्णाला हो म्हणवेना. त्यानं काडतुसं काढली, मला उजेडाकडे धरलं. डावी नळी आरपार दिसली. उजवीत काळोख. तो देचम्माकडे वळला.

"आप्पाला मी खोटं सांगितलं होतं गं अव्वा."

"रड नंतर. गज आण."

ती सांगत गेली, तो करत गेला. वाळकी माती पडली, माशीनं पिलांसाठी तिच्यात साठवलेले मेलेले कोळी पडले. त्यानं तेलाची बाटली उचलली तशी ती ओरडली, "आत्ता तेल नको, बार काढायचाय! कोरडी पूस!" चाळीस वर्षं चिंध्या फाडता फाडता बाईनं सगळं टिपून ठेवलं होतं. माचय्याला आपल्या दोन बारांसाठी अर्धा तास थांबावं लागलं. मग ते झाले, स्वच्छ, लागोपाठ. माणसं वर येऊ लागली.

त्या गर्दीत माझी साफसफाई राहून गेली. दिवसकार्य उरकून अय्यण्णा बंगळूरला गेला. दारूची काजळी अजून माझ्या नळ्यांत आहे आणि पाऊस आठवड्यावर आलाय. देचम्माचे हात कापतात, तिला मी पेलत नाही. फोनवर सांगते, "ती तशीच टांगलीय रे." तो म्हणतो, "सणाला येतो ना अव्वा."

अय्यण्णा, सणाला नको, आत्ता ये. फुलं आणू नकोस. चिंधी तिच्याकडून घे आणि तिच्यासमोर, तिला विचारून विचारून हात बसव. माझे पुढचे दोन बार कुणासाठी असतील ते तुलाही ठाऊक आहे. त्या दिवशी उंबर्‍यातून 'थांब' म्हणायला ती नसेल.