पिशोरचा कृष्णा

पद्मजाबाईंनी उभा जन्म कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं आणि मुलं उभा जन्म त्यांच्या तासाला पेंगली. निवृत्तीनंतर बाईंना जिओकॅशिंगचा नाद लागला. फोनवरच्या नकाशावरून कुणीतरी लपवलेली डबी हुडकून काढायची, असा तो खेळ. त्यातला एक प्रकार तर जणू बाईंसाठीच निघालेला. त्यात डबी नसतेच. जागेवर जायचं, दगडमाती नीट बघायची आणि ती जागा मांडणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याला पाठवायची. बाईंनी पिशोर गावाच्या पुढचा एक धबधबा त्या खेळात मांडला. तिथे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा तांबडा पट्टा आहे. पहिला लाव्हा थंड झाल्यावर दुसरा यायला इतका काळ गेला की मधल्या काळात वर माती धरली, आणि दुसऱ्याने येऊन ती भाजून काढली. बाईंचे प्रश्न सोपे होते. पट्टा केवढा जाड आहे? त्यावर बोट फिरवलं तर बोटाला काय लागतं?

दोन वर्षं तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. मग या उन्हाळ्यात कृष्णा नावाच्या एका मुलाचा निरोप आला.

'मॅडम, मी पिशोरचा. बारावी सायन्स झालो. पुढं वडलांनी शिकू दिलं नाय. तुमचा दगड पाह्यला. बोटाला तांबडं लागलं, लई भारी वाटलं. ही माती किती जुनी असंल?'

बाईंचे डोळे भरून आले. नवरा केशवराव चहा पीत होते, त्यांना त्यांनी तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला. बँकेतून निवृत्त झालेले केशवराव म्हणजे घराण्यातला हुकमी विनोदवीर. "वा! मिळालं म्हणायचं एक गिऱ्हाईक," ते म्हणाले. बाईंनी कृष्णाला पानंच्या पानं उत्तर लिहिलं. त्याने आणखी विचारलं, बाईंनी आणखी लिहिलं. तो चुकायचा तेसुद्धा त्यांना गोड वाटायचं. म्हातारपणी माणूस कौतुकाला किती हपापतं, ते बघावं तर अशा वेळी.

पावसाळ्यात बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, जी आता शहरातल्या एका कॉलेजात प्राचार्य आहे, म्हणाली, "मॅडम, संस्थेच्या कोट्यात बिनफीची एक जागा उरलीय. तुम्ही सांगाल त्याला देते, पण सोमवारी मूल कागद घेऊन माझ्यासमोर पाहिजे." बाईंनी क्षणाचाही विचार न करता कृष्णाचं नाव सांगितलं. रविवारी घरचे सगळे धबधब्यावर जाणारच होते. गुणपत्रिका घेऊन तिथेच ये, असं त्यांनी त्याला कळवलं.

कॉलेजातल्या त्या जागेची आस आणखी एकीला होती. धबधब्याच्या वाटेवर प्लास्टिकच्या कागदाखाली लीलाबाई आणि तिची लेक सायली भजी तळतात. सायली यंदाच बारावी सायन्स झाली. त्याच आठवड्यात बाई एकट्या आल्या होत्या, तेव्हा तिने पिठाचे हात पुसत विचारलं होतं, "मॅडम, मलाबी पुढं शिकायचंय. फीचं जमत नाय. तुमच्या वळखीनं काई व्हईल का?"

बाईंना आठवलं, की ही पोरगी रोज त्या खडकाखालून जाते आणि तिने कधी म्हणून त्याच्याबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. "एकच जागा होती गं. ती पिशोरच्या कृष्णाला दिली. त्याला ओढ आहे."

"असं व्हय," सायली म्हणाली. "तो नायच आला तं मला सांगा. मी कागद तयार ठिवते."

रविवारी दोन गाड्या भरून फुलंब्रीमार्गे मंडळी निघाली. बाईंनी कृष्णासाठी साटोऱ्यांचा वेगळा डबा घेतला होता. दुपार झाली, पोटात कावळे कोकलायला लागले, तरी बाई कुणाला पानं मांडू देईनात. कृष्णा आल्याशिवाय जेवायचं नाही. नणंद नीरजा तोंडावर ओढणी धरून हसत होती. बाईंना वाटलं, पावसाने शिंकतेय.

फोन वाजला. 'मॅडम, मी आलो. तांबड्या पट्ट्यापाशी उभा हाय.'

बाई डबा घेऊन, शेवाळलेल्या दगडांवरून घसरत, धडपडत गेल्या. पट्ट्यापाशी डोक्याला टॉवेलचं मुंडासं बांधून केशवराव उभे होते.

"राम राम, मॅडम! म्या क्रिष्ना!"

खडकामागून सगळं गोत खो खो हसत बाहेर आलं. नीरजा चित्रण करत होती.

"अगं, तुझा हुरूप टिकावा म्हणून केलं," केशवराव म्हणाले. "उत्तरं तुझ्याच कॉम्प्युटरवरून उतरवली. आणि ऐका हो सगळे, ही काय लिहिते! 'कृष्णा, तू माझा पहिला खरा विद्यार्थी.'"

पुन्हा हशा. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो. बाईंना तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. त्या परत फिरल्या, आणि मागून मंडळी हसत, एकमेकांना टाळ्या देत निघाली.

वाटेवर सायली उभी होती. सकाळपासून तिचे डोळे रस्त्याला लागले होते, आणि कुणी पोरगा खाली उतरलेला तिने पाहिला नव्हता. तिच्या हातात कॅरीबॅगेत गुंडाळलेले कागद होते.

"मॅडम, आला का तो कृष्णा?"

बाईंनी एवढंच म्हणायचं होतं, की नाही आला, जागा तुझी. पण मग पोरगी विचारणार, का नाही आला. मग सांगावं लागणार, की कृष्णा नव्हताच, नवऱ्याने मला मूर्ख बनवलं. मागे हसणं जवळ येत होतं. आता भजी तळणाऱ्या पोरीनेही हसायचं का आपल्याला? तेवढं बाईंच्याने सोसवलं नसतं.

"आला," त्या म्हणाल्या. "झालं त्याचं काम."

केशवराव दोन पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तरी पुरे होतं. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं आणि कढईत काय आहे ते बघायला पुढे गेले.

सायलीने कागद आईच्या पिशवीत सारले. "बरं झालं, मॅडम," ती म्हणाली. "माझ्यापरीस गरजू असंल तो." मग तिने माणसं मोजली आणि किती प्लेटी टाकू ते विचारलं.