आधी फोड, मग पेन्सिल

बाबांनी पेन्सिलीला टोक काढलं, भुसा डबीत झटकला आणि रविवारच्या पुरवणीतलं गूढ शब्दकोडं टेबलावर पसरलं. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली. जन्मभर ऑफिसात नकाशे काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी कागद फडफडलेला त्यांना खपायचा नाही.

समोर लेक येऊन बसली. दोन बॅगा घेऊन ती घरी परत आली त्याला महिना होत आला होता, पण कोड्यापाशी ती आज पहिल्यांदाच आली होती. बाबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. फक्त एकेक वजन उचलून कागद दोघांच्या मधोमध सरकवला.

“चार उभे,” ते म्हणाले. “‘नदी उलटी वाहिली की गरीब होते.’ दोन अक्षरं.”

लेकीने क्षणभर कागदाकडे पाहिलं.

“दीन. नदी उलटी वाचली की दीन. आणि दीन म्हणजे गरीब. दोन्हीकडून जुळतंय, बाबा.”

“भर मग.”

तिने भरलं. फोड चोख होती, बोट ठेवायला जागा नव्हती. तरी बाबांना ते ऐकून बरं काही वाटलं नाही.

या घरात कोड्याचा नियम एकच. आधी फोड, मग पेन्सिल. उत्तर नुसतं सुचून भागत नाही. सूचनेतला कुठला शब्द काय काम करतो ते समोरच्याला उलगडून सांगायचं. नाही सांगता आलं तर शब्द पुसायचा, मग तो बरोबर का असेना! नियम बाबांचा, खोडरबरही बाबांचा.

लेक लहान होती तेव्हा या नियमाशी तिचं कधीच जमलं नाही. एकदा सूचना होती, ‘डावीकडून पाहा, उजवीकडून पाहा, पाहणारा तोच.’ बाबा चष्मा पुसत होते, तेवढ्यात पोरीने ‘नयन’ लिहूनसुद्धा टाकलं.

“कशावरून?” बाबांनी विचारलं.

“असंच. मला वाटलं.”

“वाटलं हे काही कारण झालं का, घाईताई?” असं म्हणून त्यांनी खोडरबर उचलला. पोरीचे डोळे भरून आले. “अहो, बरोबर आहे ना तिचं? मग पुसता कशाला?” आई म्हणाली होती. बाबांनी तिला ऐकवलं की प्रश्न उत्तराचा नाही, पद्धतीचा आहे. पद्धतीचा म्हणे! पुसून झाल्यावर त्यांनी नयन हा शब्द दोन्ही बाजूंनी वाचून दाखवला, फोड समजावली आणि तीच तीन अक्षरं पुन्हा आपल्या सुबक अक्षरात भरली.

घाईताई हे नाव मात्र पोरीला चिकटलं. उत्तरं तिला आधी दिसायची आणि कारणं मागून धापा टाकत यायची. कधी यायचीच नाहीत.

पुढे तिला स्थळ आलं. मुलगा शिकलेला, बोलायला मऊ, नोकरी पक्की. बघून गेला त्या संध्याकाळी लेक याच टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मला नको वाटतंय.”

“का? खोट काय आहे त्याच्यात?”

“नाही सांगता येत.”

बाबांनी कोरा कागद घेतला नाही एवढंच; बाकी एकेक मुद्दा बोटांवर मोजून तिच्यापुढे मांडला. तिच्याकडे एकही नव्हता. ती नुसती टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिली.

“नको वाटतंय, हे काय कारण झालं?” बाबा म्हणाले. तेही अगदी प्रेमाने. मेलं, तेच तर आता त्यांना जास्त लागतं. ओरडले असते तर कदाचित तीही उलटून बोलली असती.

ती हो म्हणाली. त्या घरात तिला दिवसभर कारणं द्यावी लागली. फोन कुणाला केला, का केला, दुकानातून यायला उशीर का झाला, खिडकी उघडी कशाला. परत आल्यावर हे तिने आईला सांगितलं, आणि बाबांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं.

“मी अजून अर्धा कप चहा घेते हं,” लेक आता म्हणाली. “सकाळपासून घसा जरा धरलाय, म्हणून.”

बाबांच्या मनात आलं, अगं, घे ना! आपल्या घरात चहाला कसलं कारण? पण त्यांनी नुसती किटली तिच्याकडे सरकवली आणि चष्मा सारखा केला.

कोडं भरत आलं. शेवटचा एक आडवा शब्द उरला.

“‘आकड्यापुढे व्रण उमटला की मनात राहते.’ चार अक्षरं, तिसरं व.”

“आठवण!”

ही घाईताई बोलली होती. बाबांनी झटकन वर पाहिलं. तिचे डोळे लहानपणी चमकायचे तसे चमकले होते, पण तेवढ्यात तिने हात मागे घेतला.

“थांबा हं. मनात राहते ती आठवण, इतकं ठीक आहे. पण आकडा कुठला? व्रण कुठे? नाही बाबा, फोड नाही जमत.”

बाबांना फोड केव्हाच दिसली होती. आठ हा आकडा, आणि वण म्हणजे व्रण. जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, पेन्सिल उचलली आणि चारही घरं ठळक अक्षरात भरून टाकली.

“अहो बाबा, फोड कुठे झालीय अजून?”

“राहू दे. बरोबर आहे ते.”

“कशावरून?”

“तू म्हणालीस म्हणून.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. लेक एखाद्या लहान मुलाची समजूत काढावी तशी हसली.

“हे काय कारण झालं, बाबा?” ती म्हणाली आणि खोडरबर घेऊन एकेक अक्षर पुसायला लागली. हलक्या हाताने, कागद चुरगळू न देता. त्यांनी शिकवलं होतं अगदी तसंच.