वाऱ्याकडची रांग

खुंटा हलवून बळकट करावा, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याच्या पायांखाली ओली, चिकट माती असली पाहिजे. अशा मातीत रोवलेली मेख हलवली, तर भोवतालची माती सरकून पुन्हा तिला बिलगते आणि वरून दोन घाव घातले की ती पूर्वीपेक्षा घट्ट बसते. तंबूवाल्यांचे आजोबा आणि वडील नदीकाठच्या कुरणांवर तळ ठोकत आले होते. त्यामुळे त्यांच्या घराण्यात ही नुसती म्हण राहिली नव्हती, ती कामाची रीत झाली होती. ठोकलेली मेख मालकाने स्वतः हलवून पाहिल्याशिवाय तंबू उभा राहिला असे म्हणायचे नाही. दाराची कडी, नवा नोकर आणि दुसऱ्याचे मत हेही तंबूवाले याच रीतीने पारखत. त्यात पुष्कळ कड्या निखळल्या आणि बरेच नोकर पळाले. पण जे टिकले ते पक्के, असा त्यांचा युक्तिवाद असे, आणि त्यांच्याशी युक्तिवादात कोणी फारसे टिकत नसे.

त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ मात्र टिकून होता, तो केवळ हलत नव्हता म्हणून. कोणतेही काम सांगितले की तो ‘उद्या’ म्हणे, आणि म्हणून घरात, गल्लीत सगळीकडे त्याचे नावच ‘उद्या’ पडले होते. सुतारकाम त्याने अर्ध्यावर सोडले, छापखान्यात शाईचा वास सोसेना म्हणून तेही सोडले. आता गोदामाच्या माडीवर तो बहिणीच्या हातचे जेवून पडून असे. तो अंथरुणाला खिळलेला नाही, अंथरूणच त्याला खिळले आहे, असे तंबूवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. उद्या ते ऐकून सगळ्यांच्या आधी हसे, आणि त्याचाच त्यांना अधिक राग येई.

वाळवंटाच्या कडेला जमिनीची मोजणी करणाऱ्या एका तुकडीने मोठा तळ मागितला, तेव्हा पत्नीने विषय काढला. या खेपेला उद्याला न्यावे, असे तिचे म्हणणे. नवऱ्याच्या मनात काय आहे हे ती ओळखून होती आणि भावाच्या अंगात काय आहे हेही. म्हणून तिने विनवणी केली नाही, सौदाच मांडला. काम नीट झाले तर त्याला गोदामात कायमची जागा द्यायची. बिघडले तर भावाला घराबाहेरची वाट ती स्वतः दाखवील, नवऱ्याने वाईटपणा घ्यायला नको. तंबूवाल्यांनी दोनदा विचारले की शब्द मागे घेणार नाहीस ना. नाही म्हणाली.

गोदामाच्या मागच्या खोलीत मेखा पिंपांतून भरलेल्या असत. निघण्याआधी तंबूवाल्यांनी उद्याला तिथे उभे केले आणि एकेक पिंप उपडे करून समजावले. लाकडी मेखा कुरणावर उत्तम, पण कडक जमिनीवर डोकी फुटतात त्यांची. तारेच्या बारीक मेखा तर तिथे गुलाबाच्या काट्यासारख्या वळतात. हलक्या धातूच्या चपट्या मेखा दिसायला देखण्या, पण दगड लागला की मान टाकतात. अशा जमिनीला पोलादाचा जाड गजच हवा, हातभर लांब, टोकाला निमुळता, डोक्याला आकडा. आधी मेखेपेक्षा बारीक पहारीने वाट करायची, मग मेख घालायची. तिचे डोके तंबूकडे नाही, बाहेर झुकलेले हवे, म्हणजे तणाव्याचा दोर तिला उपटू जाईल तेव्हा ती जमिनीत आडवी अडेल. यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. उद्याने सगळे ऐकून घेतले आणि गज हातात तोलत विचारले, की बहिणीच्या लग्नात मांडव बांधताना भावोजींना बांधायला हाच गज वापरला होता का. तंबूवाल्यांनी पिंप परत भरले.

तळाची जागा भाजलेल्या विटेसारखी होती. वर पापडीसारखा टणक थर, त्याखाली भुसभुशीत कोरडी रेती आणि मध्येच गाडलेले दगड. पहारीचा पहिला घाव उद्याच्या खांद्यापर्यंत झिणझिणत गेला. त्याने पहार खाली ठेवली, तळहाताकडे पाहिले आणि म्हणाला, “भावोजी, ही जमीन आहे की तुमचं मन?”

मोजणीवाल्यांचा स्वयंपाकी खदखदून हसला. तंबूवाले हसले नाहीत, पण त्यांनी त्याला भोजनाच्या मोठ्या तंबूची वाऱ्याकडची रांग नेमून दिली. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची रांग तीच. मागची रांग त्यांनी स्वतः घेतली. उद्या पळून जाईल किंवा झोपेल, अशी त्यांची अपेक्षा होती, कदाचित इच्छाही. उद्या पळाला नाही. तळहातांना चिंध्या गुंडाळून तो दुपारभर उन्हात ठोकत राहिला. दगड लागला की वीतभर बाजूला सरकून पुन्हा वाट करी. पाण्याला उठला तेवढाच. ऊन उतरले तेव्हा त्याच्या रांगेतल्या मेखा एका रेषेत, एका कोनात झुकून उभ्या होत्या आणि तो त्यांच्या टोकाला, लेकाची तालीम बघणाऱ्या बापासारखा, कमरेवर हात देऊन उभा होता.

तंबूवाले आले. त्यांनी पहिल्या मेखेचा आकडा धरला आणि ती मागेपुढे हलवली. हलेना. पाय रोवून जोर लावला तेव्हा किंचित हलली. मग मोगरीचे दोन घाव घालून ते दुसरीकडे वळले.

“हलत नव्हती ना ती?” उद्याने विचारले.

“नव्हती.”

“मग कशाला छेडता? बसलीय घट्ट.”

“खुंटा हलवून बळकट करावा.”

“आणि माणूस?”

“माणूसही.”

तंबूवाले एकेक मेख हलवत गेले. एक तर इतकी अडून बसली होती, की तिला बाजूने मोगरीचे ठोसे देऊन जाग आणावी लागली. ती हलली तेव्हा त्यांना बरे वाटले. मेहुण्याचे काम निर्दोष निघणे त्यांना सोसवत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निर्दोष कामावर आपला हात फिरला नाही तर ते पुरे झाले असे त्यांना वाटतच नसे. कडेची एकच मेख उरली असताना स्वयंपाक्याने चहाला हाक मारली. तंबूवाले हात झटकून गेले.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले जेवायला बसले असताना वारा सुटला. आधी क्षितिजावर तांबूस भिंत दिसली, मग ती तंबूवर येऊन आदळली. कापड फुगले, खांब कण्हले. उद्या ताट टाकून बाहेर धावला, कारण रांग त्याची होती. त्याने सुटू पाहणारा एक तणावा दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात शेजारची मेख जमिनीतून निघाली आणि दोराच्या टोकाला बांधलेल्या गोफणीच्या धोंड्यासारखी फिरून त्याच्या तोंडावर बसली. मागच्या रांगेचे दोर तोडून तंबू लोळत दूर गेला. ताटे, खुर्च्या, कागद त्याच्यामागे गेले. बाकी कोणाला फारसे लागले नाही. उद्याला उचलले तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागी पाहवत नव्हते, आणि तो उजवाही उघडत नव्हता.

मोजणीच्या साहेबांच्या गाडीतून त्याला जवळच्या गावातल्या इस्पितळात नेले. साहेब जाताना सांगून गेले, की परतल्यावर जागा पाहीन, तोवर कशाला हात लावू नका.

वारा पडल्यावर तंबूवाले त्या रांगेपाशी एकटे गेले. भोकांपाशी बसले. प्रत्येक भोकाचे तोंड नरसाळ्यासारखे पसरले होते. वरची पापडी फुटून तिचे खडे कडेला पडले होते आणि खालची रेती आत ओघळली होती. ज्या थराने मेख धरायची तोच थर नाहीसा झाला होता. त्यांनी बोट घालून पाहिले. मग सवयीप्रमाणे वाद घातला, या वेळी स्वतःशी. वाऱ्याचा सारा जोर याच रांगेवर आला, म्हणून ही उखडली; मागची राहिली यात नवल नाही. भोके मेखा निघताना पसरली असतील, हलवताना नव्हे. उद्यानेच पहारीची वाट रुंद केली असेल. प्रत्येक मुद्दा दुसऱ्याला टेकून उभा होता आणि दिसायला भक्कम होता.

मग त्यांना कडेची मेख दिसली. तिच्यावर वाऱ्याचा जोर इतरांइतकाच आला होता. दोर तुटला होता, आकडा वाकला होता, आणि मेख जागेवर होती. तिच्याभोवतीची पापडी अखंड होती, नखाएवढी भेगसुद्धा नाही. तंबूवाल्यांनी दोन्ही हातांनी ती ओढली. ती आली नाही.

ते बराच वेळ तिच्यापाशी उकिडवे बसून राहिले. लांबवर स्वयंपाकी भांडी गोळा करत होता, त्याची पाठ इकडे होती. तंबूवाल्यांनी पहार आणली. मेखेच्या बाजूला घालून ते पापडी फोडत गेले, रेती उकरत गेले, आणि शेवटी मेख हातात आली तेव्हा त्यांनी ती इतर मेखांच्या ढिगात टाकली. भोकाचे तोंड त्यांनी टाचेने जरा पसरले. मग ते इतर भोकांसारखे दिसू लागले.

साहेबांनी येऊन पाहिले आणि मान हलवली. नवशिक्या माणसाला एवढी महत्त्वाची रांग द्यायला नको होती, असे ते म्हणाले. तंबूवाले म्हणाले, चूक झाली. हे खरेच होते, पण साहेबांनी जो अर्थ घेतला त्या अर्थाने नव्हे.

इस्पितळाच्या खोलीत खाटा भिंतीला लावून होत्या आणि खिडकीचे गज पांढरे रंगवलेले होते. पत्नी आदल्या दिवशीच आली होती. डाव्या डोळ्याचे काही राहिले नाही, आणि उजव्यात फार तर उजेड आणि अंधार एवढे कळेल, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. तिने ते नवऱ्याला दाराबाहेर हळू आवाजात सांगितले. भावाला अजून सांगितले नव्हते.

पट्ट्यांच्या आतून उद्याने पावले ओळखली. “भावोजी?”

“हं.”

“सगळ्या निघाल्या का हो?”

“सगळ्या.”

ओठ सुजल्याने उद्याला शब्द जुळवावे लागत होते. “ती कडेची? तिच्या खाली दगड लागला होता मला. चारदा जागा बदलली तिची. ती बसली तेव्हा वाटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी नीट ठोकली.”

पत्नी नवऱ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, नुसती भीती होती, की आता नवरा काहीतरी कठोर बोलेल.

“तीही निघाली,” तंबूवाले म्हणाले.

उद्याचा हात चादरीवर उघडा होता. चिंधी सुटून तळहाताचे फोड दिसत होते. तो हात मिटला. “मग माझाच हात कच्चा,” तो म्हणाला. “ताई म्हणत होती, तुमच्या धंद्याचं नाव आहे. ते घालवलं मी. माफ करा.”

“नका रागावू त्याच्यावर,” पत्नी घाईने म्हणाली. “सौदा मी विसरले नाहीये. पण आता अशा स्थितीत कुठे जाईल तो.”

तंबूवाल्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. गोदामात दोर वळायला माणूस लागतोच, ते काम बोटांचे आहे, त्याला जागा आहे, असे त्यांनी सांगितले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा स्थिर निघाला. पत्नीने तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

“आणि माफी?” उद्याने विचारले. तो हट्टाला पेटल्यासारखा वाट पाहत होता.

“केलं माफ,” तंबूवाले म्हणाले.