शून्याची दुप्पट

मी एक जुना हौद आहे. गुरांना पाणी पाजण्याचा नव्हे. माझे पाणी कोणी प्यायले, तर त्याला ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकता येणार नाही. मी गुरे बुडवण्याचा हौद. क्वीन्सलँडमध्ये, बर्नेट नदीच्या काठी, नेरिडाबाई कॉइल यांच्या आजोबांनी मला बांधले. जनावर एका टोकाने उडी मारते, डोक्यासकट औषधात बुडते, पोहते आणि दुसऱ्या टोकाच्या पायऱ्या चढून निघून जाते. साठ वर्षांत एकानेही वळून पाहिलेले नाही.

गोचिडी मारणे हे माझे काम. पण मित्रांनो, खरे सांगतो, मला गोचिडींची फार भीती वाटते. गोचीड तिळाहून बारीक येते, रक्त पिऊन वाटाण्याएवढी होते आणि गवतात पडून तीन हजार अंडी घालते. मी एकदा मोजायला घेतली होती. घाबरून अर्ध्यावर सोडली.

नेरिडाबाई मात्र घाबरत नसत. त्यांचा हिशेब सरळ होता. गोचीड गोऱ्ह्याचे वजन खाते, पण औषधाला आणि मजुरीलाही पैसे पडतात. म्हणून अंगावर वीसपर्यंत गोचिडी असल्या तर जेवू द्यायच्या; एकविसावी दिसली की हौद. मोजण्याचीही आमच्याकडे रीत आहे. जनावराची डावी बाजू तेवढी पाहायची आणि आकडा दुप्पट करायचा.

आमच्या पश्चिमेला सरकारने आखलेली एक रेषा आहे. पलीकडे गोचिडी नाहीत आणि तिथल्या लोकांना त्या नकोत. तिथे वीसही चालत नाहीत आणि एकही चालत नाही.

त्या वर्षी गवत संपत आले होते. रेषेपलीकडचा एक जण नेरिडाबाईंचे एकशे वीस गोऱ्हे चांगल्या भावाने घेणार होता. ते गेले नसते, तर इथल्याच कत्तलखान्यात निम्म्या भावाने द्यावे लागले असते.

सोमवारी सगळे गोऱ्हे माझ्यात उतरले. माझे औषध तळाशी बसते. म्हणून पहिले तीस नुसते ढवळायला घालतात. त्यांच्या अंगाला औषध कमी आणि पाणीच जास्त लागते, म्हणून शेवटी त्यांना पुन्हा बुडवायचे असते. फाटकावर नेरिडाबाईंचा धाकटा भाऊ क्लाइव्ह होता.

"क्लाइव्ह, पहिले तीस परत घाल रे," घराकडे जाता जाता त्या म्हणाल्या.

"ताई, जेवायची वेळ झाली गं!"

"गोचिडींचीही झालीय. घाल."

त्या दिसेनाशा झाल्यावर क्लाइव्ह त्या तिसांच्या डाव्या बाजूने एक चक्कर मारून आला. "डावीकडे शून्य. शून्याची दुप्पट शून्य," त्याने कुत्र्याला समजावले. कुत्र्याला पटले. दोघे जेवायला गेले.

त्या तिसांत एक पांढऱ्या तोंडाचा गोऱ्हा होता. त्याच्या उजव्या मांडीच्या घडीत एक गोचीड मजेत होती. मी तिला ओझरते ओले केले होते, बस. मी जिवाच्या आकांताने बुडबुडे काढले.

"बेडूक असेल," जाता जाता क्लाइव्ह म्हणाला. माझ्यात बेडूक जगत नाही, हे त्याच्या लक्षात आले नाही.

तीन दिवस मी भीतीने थरथरत होतो. सिमेंटला नीट थरथरता येत नाही, त्यामुळे मला तडा गेला.

गुरुवारी सरकारी तपासनीस पास्को आला. माझ्याशेजारच्या अरुंद गल्लीत गोऱ्हे एकामागे एक उभे केले. रस्त्यावर ट्रक तयार होता. पास्को डोळे मिटून बोटांनी तपासतो. पेटी वाजवल्यासारखी त्याची बोटे केसांतून फिरतात. शंभर झाले. एकशे दहा झाले. मग पांढरे तोंड पुढे आले. डावी बाजू साफ. पास्कोने हात पलीकडे नेला.

"ती बाजू कशाला?" क्लाइव्ह म्हणाला. "दुप्पट करा की राव."

पास्कोने डोळे उघडले. "कशाची दुप्पट?"

"शून्याची."

पास्कोने काहीतरी उपटून तळहातावर ठेवले. वाटाण्याएवढे, करडे. पाय हलत होते.

"आणि हिची दुप्पट किती?"

मग क्लाइव्ह हळूच म्हणाला, "एकच तर आहे."

"नेरिडाबाई, माफ करा," पास्को म्हणाला. "यातला एकही पलीकडे जाणार नाही."

ट्रक रिकामा गेला. नेरिडाबाई माझ्या काठावर आल्या.

"क्लाइव्ह, जनावराला उजवी बाजू कशाला असते रे?"

"ताई, चुकलं गं."

पुढच्या आठवड्यात गोऱ्हे निम्म्या भावाने गेले. बुडवायला कोणी उरले नाही. पुढे थोडी गुरे आली, पण तोवर पाठीवर ओतायचे औषध निघाले होते. मग मला रिकामे केले.

पण मित्रांनो, हौद रिकामा होतो, माती रिकामी होत नाही. अगदी सुरुवातीला माझ्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, घालत. जनावरांच्या अंगावरून निथळून तो माझ्या काठच्या मातीत मुरला आहे आणि कुठेही जात नाही. म्हणून नेरिडाबाईंनी माझ्याभोवती तारेचे कुंपण घातले आणि क्लाइव्हला पाटीवर कवटी काढायला सांगितली.

क्लाइव्हला कवटी काढता येत नाही. दात जास्त झाले आणि ती हसते आहे असे वाटते. शेजारची मुले ती बघायला तारेपर्यंत येतात. काल एका मुलीने तारेखालून हात घातला आणि भातुकलीसाठी मूठभर माती नेली. मी ओरडलो. नेहमीप्रमाणे कोणालाच ऐकू गेले नाही.

पूर्वी मी गोचिडींना भीत होतो. आता मला माझीच भीती वाटते. मित्रांनो, पाटी कितीही हसरी असली तरी कुंपणाच्या आत येऊ नका. आणि तुमच्यापैकी कोणीतरी पळत जा, त्या मुलीला आधी हात धुवायला सांगा.