कोपऱ्यावरचा आवाज

फॅनबेल्ट बदलून महिना झाला नव्हता, आणि भाऊजींची गाडी पुन्हा किंचाळत गॅरेजात शिरली. मेकॅनिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची गाडी, दोनदा बेल्ट घातला, आणि तरी ही बोंब.

"काय इंजिनियरसाहेब, आम्हालाच टोपी घालताय का?" भाऊजी हसत म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. अख्ख्या नात्यात इतका शांत माणूस नाही, असं सगळे म्हणत.

मेकॅनिकने बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या बेल्टवर थोडं पाणी ओतलं. आवाज दुप्पट झाला. म्हणजे बेल्ट धड होता, पण सैल पडून घसरत होता. इंजिन बंद करून तो आत वाकला. ताण देणारा बोल्ट दिसला मात्र, गड्याला कोण आनंद झाला. आधीच फुशारकी मारायची खोड, त्यात तोंडावर ताबा नाही.

"भाऊजी, माझी चूक नाहीच. कुणीतरी मुद्दाम सैल केलाय हा. तेही पान्याने नाही, पकडीने. कोपरे कसे कुरतडलेत बघा. आणि हे लाल रबरही चिकटलंय."

रबराचा तो कपचा बोटावर धरून दाखवता दाखवताच त्याची दातखीळ बसली. लाल मुठींची पक्कड त्यानेच ताईला दिली होती, स्वयंपाकघरातला नळ गळायचा म्हणून.

भाऊजींनी कपचा नीट न्याहाळला. "अस्सं," ते म्हणाले.

मेकॅनिकला आता एकेक आठवायला लागलं. ताईकडे गप्पा ऐन रंगात आलेल्या असत, कोपऱ्यावर बेल्ट किंचाळे, आणि ताई वाक्य अर्धवट टाकून उठे. भाची रेडिओ बंद करी, दारातल्या चपला ओळीत लावी. हा आपला चेष्टा करायचा, "नवऱ्याची चाहूल बरी लागते गं तुला." ताई हसायचीसुद्धा. आणि दर वेळी हाच दीडशहाणा नवा बेल्ट आवळून तिचा तेवढाही आधार काढून घेत होता. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"आवळून टाक," भाऊजी म्हणाले. "जरासुद्धा आवाज नको."

"बोल्टचे आटे गेलेत," त्याने थाप मारली. "गाडी संध्याकाळपर्यंत ठेवावी लागेल."

"ठेव की. मी घरी चालत जातो."

"मग ताईला फोन करून सांगतो."

"कशावर? तिचा फोन माझ्याकडेच असतो." भाऊजींनी खिशावर हलकेच थोपटलं, रुमालाने बोटं पुसली आणि ते निघाले.

गाडी अडवून आपण काय करून बसलो, हे मेकॅनिकच्या तेव्हा डोक्यात शिरलं. चालत्या माणसाचा आवाज कोपऱ्यावर येत नाही. मग त्याने पाना घेतला, बोल्ट आणखी सैल केला आणि चावी फिरवली.

वाटेत भाऊजींनी गाडी थांबवायला हात केला. तो थांबला नाही. ताईच्या कोपऱ्यावर त्याने असा ॲक्सिलरेटर दाबला, की सगळी गल्ली ऐकेल. घरातला रेडिओ बंद झाला.

ताईने दार उघडलं. चपला ओळीत होत्या, तिची मान खाली होती.

"लवकर आलात," ती म्हणाली. हा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"मी आहे गं, ताई."

तिने वर पाहिलं. "त्यांना कळलं?"

"माझ्याच तोंडाने कळलं. चल, दोघी बसा गाडीत. आहात तशा."

ताईने आत जाऊन लाल पक्कड तेवढी घेतली, भाचीचा हात धरला आणि ती पुढे येऊन बसली. भाची मागे बसली. त्या गल्लीला दुसरं तोंड नव्हतं. मेकॅनिकने गाडी वळवली तर कोपऱ्यावर, रस्त्याच्या मधोमध, भाऊजी शांतपणे हात वर करून उभे.

"थांबवू नकोस," ताई म्हणाली.

त्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. बेल्ट किंचाळला, आणि मागच्या सीटवर भाचीने मुकाट्याने पायातल्या चपला काढून ओळीत लावल्या.